शटरच्या खोलीत पाणी नेमकं कुठून येतं?

ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. सोयाबीन मळून घरी आणलं होतं. भाव जरा वर सरकेल म्हणून पोती शटरच्या खोलीत थप्पी लावून ठेवली आणि गाडी अंगणात काढली. रात्रभर हत्तीचा पाऊस लागला. सकाळी शटर वर केलं तर जमिनीवर बोटभर पाणी आणि सगळ्यात खालच्या थरातली पोती तळाकडून ओली. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनचा ओलावा साधारणपणे १२ टक्क्यांच्या आत लागतो. ती पोती पुन्हा पसरली, वाळवली, डागी दाणा वेगळा केला. चार दिवस त्यात गेले.

आपल्याकडे गॅरेज म्हटलं की मेकॅनिकचं दुकान डोळ्यांसमोर येतं. घरातल्या या जागेला कुणी पार्किंग म्हणतं, कुणी पोर्च. आमच्याकडे ती शटरची खोली. घरातली ही सगळ्यात खालची, रस्त्याला सगळ्यात जवळची आणि बांधताना सगळ्यात कमी लक्ष दिलेली जागा. गाडी, खताच्या बॅगा, फवारणीचा पंप, इन्व्हर्टर, पोती, सगळं तिथंच असतं. म्हणून तिथं आलेलं पाणी नुसतं पुसून भागत नाही.

मी दोन वर्षं चुकीच्या जागी पैसे घातले. आधी आतून भिंतींना वॉटरप्रूफिंगचा रंग मारला. मग शटरखाली सहा इंचांचा सिमेंटचा उंबरा बांधला. गाडीचं पोट त्याला घासायला लागलं आणि पाणी यायचं ते आलंच. तिसऱ्या वर्षी एका जुन्या गवंडी मामांना बोलावलं. सिमेंट किती लागेल ते मी विचारलं. ते म्हणाले, "सिमेंटचं नंतर बघू. पाणी कुठून यायलंय ते आधी दाखवा." मला दाखवता आलं नाही.

आधी पाण्याचा हिशोब

पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात, पण घरापुरता तो लिटरमध्ये मोजला की डोळे उघडतात. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं, एवढंच गणित. १००० चौरस फुटांची गच्ची म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की सरकारदरबारी त्याला अतिवृष्टी म्हणतात. तेवढ्या पावसात त्या एका गच्चीवर सहा हजार लिटर पाणी पडतं. उन्हाळ्यात पैसे मोजून मागवतो तो एक टँकर.

आता शटरसमोरचा उतार बघा. दहा फूट रुंद, बारा फूट लांब. म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. तेवढ्याच पावसात त्यावर पडतं सव्वासातशे लिटरच्या आसपास. गच्चीचं पाणी याच्या आठपट.

आणि आमच्या गच्चीचा पाइप कुठं उतरत होता? शटरच्या उजव्या खांबाला लागून. त्याचं तोंड थेट त्या उतारावर. घर बांधलं तेव्हा ती सगळ्यात जवळची जागा म्हणून प्लंबरनं पाइप तिथं सोडला आणि मी दहा वर्षं त्याच्याजवळून ये-जा केली. उंबरा बांधला तेव्हाही माझं लक्ष त्याच्याकडे गेलं नाही. मामांनी गच्चीवर चार बादल्या ओतल्या आणि मला खाली उभं केलं. पाइपातून पाणी धबाधबा आलं, शटरपाशी फिरलं आणि उंबऱ्याच्या कडेच्या फटीतून आत गेलं.

पाइपाला एक एल्बो लावला, वीस फूट पाइप जमिनीखालून नेला आणि पाणी अंगणातल्या टाकीत सोडलं. टाकी भरली की जास्तीचं पाणी नालीत जातं. शटरखालून येणारं बहुतेक पाणी त्या एका कामानं बंद झालं. म्हणून माझं ठाम मत झालंय की कुठलंही केमिकल, कुठलंही रबर विकत घेण्याआधी गच्चीचं पाणी कुठं पडतंय ते बघावं. १००० चौरस फुटांच्या गच्चीला चार इंची दोन पाइप तरी असावेत. पाल्यापाचोळ्यानं एक तुंबला तरी दुसरा चालू राहतो. तोंडाला जाळी हवी आणि ती मृग लागण्याआधी हातानं साफ केलेली हवी.

मराठवाड्यात वर्षाचा सरासरी पाऊस ७०० ते ८०० मिलिमीटरच्या आसपास धरतात. तो चार महिन्यांत सारखा वाटून आला असता तर हा लेख लिहावा लागला नसता. आपल्याकडे तो तीन आठवडे दडी मारतो आणि मग दोन दिवसांत महिन्याचा हिशोब चुकता करतो. आधी भुई तडकते, मग तिच्यावर झड बसते. घरात पाणी शिरण्याची निम्मी कारणं या एका सवयीत आहेत.

एक गोष्ट वेगळी ठेवतो. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये बीड, धाराशिव, लातूर, नांदेड या भागांत नद्या-ओढे पात्राबाहेर आले, गावंच्या गावं पाण्यात गेली. तशा पुरापुढे शटरची रबरपट्टी काही कामाची नाही. तिथं माणसं, जनावरं आणि कागदपत्रं वर हलवणं एवढंच खरं. इथं बोलतोय ते नेहमीच्या पावसाचं पाणी चुकीच्या वाटेनं घरात येतं त्याबद्दल.

खडू, बॅटरी आणि प्लास्टिकचा तुकडा

पाणी आत यायच्या वाटा चारच. समोरून शटरखालून, बाजूनं भिंतीतून, खालून जमिनीतून, आणि वरून स्लॅबमधून. गंमत अशी की आत आल्यावर चारही वाटांचं पाणी एकाच खोलगट कोपऱ्यात जाऊन साचतं. सकाळी उठून डबकं बघितलं तर त्यावरून काहीच कळत नाही. म्हणून बघायचं ते पाऊस चालू असताना.

हातात बॅटरी आणि खडू घेऊन पावसात शटरच्या खोलीत थांबा. ओल जिथपर्यंत आली असेल तिच्या पुढे, कोरड्या जागेवर खडूनं रेघ ओढा. दहा मिनिटांनी दुसरी, मग तिसरी. अर्ध्या तासात पाण्याच्या प्रवासाचा नकाशा तयार होतो. रेघा शटरकडून आत सरकत असतील तर वाट समोरची. भिंतीच्या बुडाला समांतर सरकत असतील तर बाजूची. आणि मध्येच, फरशीच्या सांध्यांतून ओलीची चौकट उमटत असेल तर पाणी खालून येतंय.

पाण्याला यायला किती वेळ लागतो, यातही खूण आहे. पाऊस सुरू झाल्यावर पाच-दहा मिनिटांत आलेलं पाणी वरवरच्या वाटेनं आलेलं असतं. पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी, कडक ऊन पडलेलं असताना ओल वाढत असेल तर ती मातीतून झिरपून आलेली. ही एक खूण गवंडी, प्लंबर आणि रंगवाला या तिघांपैकी कुणाला बोलवायचं ते ठरवते.

खालून ओल येते की हवेतला दमटपणा फरशीवर धरतोय, हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. शहाबादी फरशी गार असते, जुलैच्या दमट हवेत तिच्यावर आपोआप ओलसरपणा धरू शकतो. त्यासाठी दोन फूट बाय दोन फूट जाड प्लास्टिकचा तुकडा कोरड्या फरशीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीनं बंद करायच्या. एक दिवस-रात्र जाऊ द्यायची. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब असतील तर ओल जमिनीतून. वरून ओलं आणि खाली कोरडं असेल तर दोष हवेचा आहे. मग फोडाफोडी करायची गरज नाही, खिडकी किंवा जाळीचा झरोका पुरतो.

पाऊस नसताना शोधायचं असेल तर नळीनं पाणी मारून बघता येतं. खालून सुरुवात करायची आणि वर चढत जायचं. आधी शटरसमोरची जमीन, मग भिंतीचं बूड, मग भिंत, शेवटी स्लॅब. प्रत्येक ठिकाणी पंधरा-वीस मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळत सगळीकडे जातं आणि काहीच ठरत नाही.

रस्ता वर आला, घर खाली गेलं

आमच्या गल्लीत घर बांधलं तेव्हा जोतं रस्त्यापासून दोन फूट उंच होतं. तीन पायऱ्या चढून घरात जावं लागायचं. मग खडीवर डांबर आलं, डांबरावर पुन्हा डांबर, त्यावर सिमेंटचा रस्ता. दर वेळी चार-सहा इंच. आता एकच पायरी उरली आहे आणि शटरची खोली, जी मुळातच गाडी चढावी म्हणून खाली ठेवली होती, ती रस्त्याच्या पातळीला आली. ही एकट्या आमच्या गल्लीची गोष्ट नाही. जुना थर खरवडून काढून मगच नवा टाकायचा, ही योग्य पद्धत आहे. त्यात रस्त्याची उंची वाढत नाही. तुमच्या गल्लीत रस्त्याचं काम मंजूर झाल्याचं कळलं की खडी पडायच्या आत शेजाऱ्यांनी मिळून लेखी मागणी करा. काँक्रीट ओतल्यावर कुणी ऐकत नाही. मला याचं अजून वाईट वाटतं, कारण आम्ही सगळे त्या दिवशी घरीच होतो आणि रस्ता चांगला झाला म्हणून खुश होतो.

झालं ते झालं, आता उपाय काय? एक म्हणजे आतली जमीन उचलणं. छताची उंची पुरत असेल तर हे सगळ्यात खात्रीचं. दुसरा उपाय उंचवट्याचा. माझ्या उंबऱ्यात आणि या उंचवट्यात फरक आहे. उंबरा म्हणजे उभी भिंतच, चाक त्यावर आदळतं. उंचवटा म्हणजे रस्त्याकडून हळूहळू चढ, माथा रस्त्यापेक्षा चार-सहा इंच वर, आणि तिथून शटरकडे अगदी हलका उतार. चढ आठ फुटांना एक फूट यापेक्षा जास्त उभा नसावा, नाहीतर छोट्या गाडीचं पोट माथ्याला टेकतं. सहा इंच चढायला निदान चार फूट जागा हवी. रस्त्याचं पाणी माथ्यापाशी थांबतं आणि कडेनं निघून जातं.

माथा आणि शटर यांच्या मधल्या पट्ट्यावर जो पाऊस पडतो त्याच्यासाठी शटरच्या पुढे, पूर्ण रुंदीभर, आडवी चर काढायची. सहा इंच रुंद, वर लोखंडी जाळी. चरीच्या तळाला दहा फुटांत एक इंच तरी उतार द्यायचा, नाहीतर तिथं चिखल बसतो आणि डास होतात. जाळी पक्की बसवून टाकू नका. ती उचलून आतला गाळ काढता आला पाहिजे. आमच्या शेजाऱ्यांची चर बघायला देखणी होती, जाळी वेल्डिंग करून बसवलेली. दोन पावसाळ्यांत ती गाळानं भरली आणि पाणी जाळीवरून आत जायला लागलं.

या चरीचं पाणी कुठं सोडायचं, ही खरी अडचण. गल्लीची नाली चरीपेक्षा खाली असेल तर सरळ पाइप. पण जोरात पाऊस आला की नाली काठोकाठ भरते आणि पाणी पाइपातून उलटं चरीत येतं. मोटारीच्या पाइपला आपण पाणी मागं फिरू नये म्हणून एनआरव्ही लावतो. त्याच तत्त्वाची, उताराच्या वाहत्या पाण्यासाठीची झडप मिळते, ती तोंडाला बसवायची. नाली चरीच्या वर असेल तर मात्र दोन फुटांचा छोटा हौद करून त्यात तरंगत्या बॉलवर चालू-बंद होणारा पंप ठेवावा लागतो. आणि वीज नेमकी त्याच वेळी जाते, म्हणून तो इन्व्हर्टरवर जोडलेला हवा.

शोषखड्डा खणा, असा सल्ला सगळे देतात. काळ्या जमिनीत तो नीट विचार करून ऐकावा. कोरडी असताना ही माती भेगांतून पाणी गटागटा पिते, पण एकदा फुगून भेगा मिटल्या की तिच्यातून पाणी फार हळू उतरतं. तीन फुटांचा शोषखड्डा काळ्या मातीतच संपत असेल तर तो पहिल्या झडीत भरतो आणि ते पाणी घराच्या पायाकडे सरकतं. खालचा मुरूम लागेपर्यंत खोल जाता येत असेल तरच शोषखड्डा, आणि तोही भिंतीपासून दहा-पंधरा फूट लांब.

एवढं सगळं केल्यावर शटरची रबरपट्टी. शटरच्या तळाला लागणारी जाड रबरी पट्टी आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांत बसणारे ब्रश मिळतात. उडणारे शिंतोडे आणि पातळ धार त्यानं थांबते. साप-विंचू आत यायलाही अटकाव होतो आणि पावसाळ्यात ते काही थोडं नाही. पण शटरला टेकून उभं राहिलेलं पाणी रबर अडवू शकत नाही. चर आणि उंचवटा नसेल तर नुसत्या पट्टीवर भरवसा ठेवू नका.

घरासमोरच्या नालीवर स्लॅब टाकून गाडीचा चढ करण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. आपला स्लॅब पक्का केला की त्याच्या खाली गाळ बसतो, नाली तुंबते आणि पाणी वरच्या अंगाच्या घरात शिरतं. तिथं काढता येणाऱ्या फरश्या किंवा जाळीच ठेवा. पाणी आपल्या दारातून काढून शेजाऱ्याच्या दारात लोटणं हा उपाय नव्हे.

काळी भुई

पाइप वळवला, चर काढली, तरी आमच्या मागच्या भिंतीच्या बुडातून ओल यायची. पाऊस उघडल्यावर दुसऱ्या दिवशी. हे प्रकरण वेगळं होतं, आणि मराठवाड्यात घर असलेल्या प्रत्येकानं ते समजून घ्यायला हवं.

आपली काळी माती बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, झिजून झालेली. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज भरपूर असतं. त्याचे कण वहीच्या पानांसारखे थरांचे असतात. पाणी त्या पानांमध्ये शिरतं आणि पानं एकमेकांपासून दूर सरकतात. अब्जावधी वह्या एकदम फुगाव्यात तशी माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून गेलं की आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कापसाला, सोयाबीनला ही माती सोनं आहे. घराच्या पायाला मात्र ती दर वर्षी एकदा उचलते आणि एकदा खाली सोडते.

सगळ्या घराला ती सारखं उचलत नाही. दुमजली भिंतीखालची माती भाराखाली दबलेली असते. शटरच्या खोलीची जमीन म्हणजे चार इंचांचा कोबा, त्यावर फरशी. तिच्यावर भार जवळजवळ नाहीच. त्यामुळे पावसाळ्यात ती मध्यावर पोट काढते, भिंत जागची हलत नाही, आणि दोघींच्या सांध्यात भेग पडते. तुमच्या शटरच्या खोलीत भिंतीला लागून चारही बाजूंनी बारीक चीर दिसत असेल, दर वर्षी सिमेंट भरूनही ती पुन्हा उघडत असेल, तर गवंड्याच्या कामात खोट नाही. तो सांधा हलतो आणि सिमेंट हलत नाही.

उन्हाळ्यात भिंत आणि माती यांच्यामध्ये बाहेरूनही अशीच फट पडते. जूनच्या पहिल्या पावसाचं पाणी या फटीतून सरळ पायापाशी जातं. मग माती फुगून फट मिटते आणि आत गेलेलं पाणी तिथंच अडकून राहतं. त्याच्यामागे दाब असतो. एक फूट उंच साचलेलं पाणी चौरस मीटरला सुमारे ३०० किलोनं ढकलतं. चार इंचांच्या कोब्याचं स्वतःचं वजन चौरस मीटरला २४० किलोच्या आसपास. म्हणजे पायापाशी फूटभर पाणी उभं राहिलं तर कोब्याला खालून जी लोट बसते ती त्याच्या वजनाहून जास्त. आतून मारलेला रंग या दाबापुढे का टिकला नाही, ते मला इथं कळलं. तो भिंतीपासून सुटून फुग्यासारखा आला आणि पोपडे पडले.

दाब नसला तरी पाणी चढतं, ते वेगळ्या कारणानं. समईत तेल खाली असतं आणि ज्योत वर, तरी वात तेल वर ओढते. वीट, गिलावा, कोबा यांच्यातली बारीक छिद्रं त्या वातीसारखीच. भिंतीवर तीन फुटांपर्यंत ओलीचा पट्टा आणि त्याच्या वरच्या कडेला पांढरी पूड दिसली की समजायचं, पाणी वर चढून उडून गेलं आणि मातीतले क्षार मागे ठेवून गेलं. यालाच लोणा लागला म्हणतात. जोत्याच्या पातळीला डीपीसीचा, म्हणजे ओल अडवणारा थर देतात तो ही वात तोडायलाच. शटरच्या खोलीची जमीन मात्र पुष्कळदा त्या थराच्या खाली असते, म्हणून तिथं ओल चढतेच.

उपाय सगळे बाहेरच्या बाजूला आहेत. आम्ही मागच्या भिंतीला लागून तीन फूट रुंदीत काळी माती खणून काढली आणि मुरूम भरला, थराथरानं पाणी मारून, दबई करून. मुरूम फुगत नाही. आपल्या मामांना हे अनुभवानं माहीत होतं. याचं शास्त्र आयआयटी मुंबईतले प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी मांडलं. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकटून राहणाऱ्या मातीचा थर दिला तर खालच्या मातीचं फुगणं आवरतं, हे त्यांनी दाखवलं, आणि काळ्या मातीतल्या कालव्यांच्या कामात ही पद्धत वापरली गेली. आपल्याकडचा चांगला मुरूम या कामाला चालतो.

मुरमावर तीन फूट रुंद काँक्रीटचा पट्टा केला, भिंतीकडून बाहेर दीड-दोन इंच उतार देऊन. गवंडी याला प्लिंथ प्रोटेक्शन म्हणतात. पट्टा आणि भिंत यांच्यामध्ये अर्ध्या इंचाची फट मुद्दाम ठेवली आणि तिच्यात पॉलीयुरेथेनचं रबरासारखं ताणणारं सीलंट भरलं. आतल्या भिंत-फरशीच्या सांध्यालाही तेच. हलणाऱ्या सांध्यात ताणणारी वस्तू, ही एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी दर वर्षीची सिमेंटची पुरचुंडी वाचते. भिंतीला लागून असलेली कुंड्यांची ओळ आणि कढीपत्त्याचं झाड तिथून हलवलं. रोज घातलेलं पाणी त्याच कोपऱ्यात मुरत होतं. झाड हलवल्याचं घरातल्यांना वाईट वाटलं, पण ते करावंच लागलं.

जे नवीन घर बांधतायत त्यांच्यासाठी हे सगळं फार स्वस्तात होतं. शटरच्या खोलीखालची काळी माती काढा, मुरूम भरा, त्यावर दगडांचं सोलिंग करा आणि त्यातल्या पोकळ्या मातीनं बुजू देऊ नका. वात बारीक असली तरच तेल चढतं. दगडांमधल्या मोठ्या पोकळीतून पाणी वर चढू शकत नाही. सोलिंगवर बारीक चुरीचा पातळ थर, मग जाड प्लास्टिकचा कागद पसरून त्यावर काँक्रीट. खोल काळी माती असेल तर पायासाठी तळाशी फुगीर केलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब वापरतात. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं ही पद्धत विकसित केली. ते पाइल साधारण साडेतीन मीटर खोल नेतात, कारण ऋतूप्रमाणे होणारी मातीची हालचाल तिथपर्यंत जवळजवळ थांबते. त्यासाठी इंजिनिअर लागतो, नुसत्या गवंड्यावर ते सोडू नये.

वरून येणारं पाणी

पोर्चचा स्लॅब बहुतेक वेळा मूळ घराला नंतर जोडलेला असतो, आणि तो जोडच गळतो. जुनं घर आणि नवा स्लॅब वेगवेगळे हलतात. त्या सांध्यातही ताणणारं सीलंट आणि वरून पत्र्याची किंवा जाळीदार कापडासह मेम्ब्रेनची, म्हणजे पाणी न झिरपणाऱ्या थराची पट्टी हवी. गच्ची आणि कठडा मिळतात त्या कोपऱ्यात सिमेंटचा गोलसर भराव, म्हणजे वाटा, मारलेला आहे का बघा. स्लॅबच्या बाहेरच्या कडेला खालून एक खाच ठेवलेली नसेल तर पाणी कडेवरून वळून छताच्या पोटाला चिकटत आत येतं. खाच असली की ते तिथंच तुटून खाली पडतं.

आणखी एक. स्लॅब गळतो म्हणून त्यावर कोबा, दोन वर्षांनी त्या कोब्यावर दुसरा कोबा, हे करू नका. आपल्या भागाला याची फार मोठी किंमत मोजावी लागलेली आहे. माळवदाच्या घरांवर गळू नये म्हणून दर वर्षी पांढऱ्या मातीचा थर चढवायचे. पिढ्यान् पिढ्या थर वाढत गेले आणि छतं जड झाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ती जड माळवदं आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती माणसांवर कोसळल्या. आताचा स्लॅब वेगळा आहे, हे खरं. पण पोर्चचा स्लॅब बारीक खांबांवर उभा असतो. जुना फुटका कोबा आधी काढा, उतार नीट करा, मगच नवा थर. छताला गंजलेल्या सळ्या दिसत असतील, तांबूस डाग पडून तुकडे निखळत असतील तर वॉटरप्रूफिंगवाल्याआधी इंजिनिअरला दाखवा आणि तोवर खाली गाडी किंवा माणूस थांबू देऊ नका.

कामाला चांगला काळ फेब्रुवारी ते एप्रिल. अडचण इतकीच की तेव्हा आपल्याकडे पाण्याची बोंब असते आणि पाणी मारण्यात कसर होते. बाजारात मिळणारं सिमेंट आता बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं असतं. त्याच्या काँक्रीटला किमान दहा दिवस ओलं ठेवावं लागतं. चार दिवसांनी सोडलं तर बारीक चिरा पडतात आणि जूनमध्ये पाणी त्याच चिरांतून येतं. ओलं गोणपाट अंथरून वर प्लास्टिक झाका. सकाळी एकदा शिंपडलेलं पाणी संध्याकाळपर्यंत टिकतं आणि टँकर वाचतो.

विजेचं तेवढं कधी उद्यावर टाकू नका. शटरच्या खोलीतले बोर्ड जमिनीपासून चार फूट वर घ्या, इन्व्हर्टरची बॅटरी स्टँडवर ठेवा, आणि त्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच बसवा. पाण्यात उतरण्याआधी मेन बंद करायचा, हे घरातल्या प्रत्येकाला, लहान मुलांनाही, सांगून ठेवा.

आमची पोती आता लाकडी फळ्यांवर असतात, भिंतीपासून वीतभर सुटी. मागच्या भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात झड लागली की अजून तळहाताएवढी ओल येते. तिच्याभोवती खडूची रेघ ओढून तारीख लिहिली आहे. मामा म्हणालेत, यंदाचा हत्ती जाऊ द्या, रेघ ओलांडली तर तेवढी जागा खणून बघू.